एसजीपीटी नॉर्मल आला, पण प्लेटलेट्स कुठे गेल्या?

पत्र (थोडं कापून देतेय): "ताई, माझे बाबा ५८ वर्षांचे आहेत. आठ-नऊ वर्षांपासून फॅटी लिव्हर आहे, डायबेटीसही आहे. दोन वर्षांपूर्वी एसजीपीटी ९६, एसजीओटी ७१ आणि प्लेटलेट्स १ लाख ८६ हजार होत्या. परवाच्या रिपोर्टमध्ये एसजीपीटी ३४, एसजीओटी ५२, प्लेटलेट्स १ लाख २८ हजार. एसजीपीटीपुढे यावेळी स्टार नाही, त्यामुळे बाबा म्हणतात लिव्हर बरं झालं, आता डॉक्टर बंद. भाऊ म्हणतो एसजीपीटी जुनीपुराणी टेस्ट आहे, हल्ली रक्तातून डायरेक्ट 'सेल डेथ' मोजतात, एम-३० असं काहीतरी नाव आहे, ती करू म्हणजे सोक्षमोक्ष लागेल. मला दोघांचंही पटत नाहीये पण का ते सांगता येत नाहीये. आणि सेल डेथ म्हणजे कॅन्सर का हो? — दोघांच्या मध्ये सापडलेली लेक"

अगं, तुला अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस. आधी एक स्पष्ट सांगते, मी डॉक्टर नाही. मी लॅबच्या बायोकेमिस्ट्री सेक्शनमध्ये बावीस वर्षं काढली आहेत, म्हणजे हे आकडे मशिनमधून बाहेर कसे पडतात आणि लोक ते कसे वाचतात ते मी रोज बघितलंय, आणि लोक काय बघतात माहितीये, फक्त स्टार. स्टार आहे की नाही एवढंच. स्टार नसला की कागदाची घडी खिशात. तुझ्या बाबांनीही तेच केलं, त्यांना दोष नाही.

पण तुला जे खटकलं ते बरोबर खटकलंय. सांगते का.

एसजीपीटी, ज्याला आता रिपोर्टमध्ये एएलटी पण लिहितात, ते लिव्हरच्या पेशीच्या आत काम करणारं एन्झाइम आहे. पेशी धडधाकट असेल तर ते आतच राहतं, अगदी थोडं रक्तात दिसतं. पेशी फुटली किंवा तिचं आवरण गळायला लागलं की ते बाहेर येतं. म्हणजे हा आकडा लिव्हर किती चांगलं काम करतंय ते सांगतच नाही. 'लिव्हर फंक्शन टेस्ट' असं नाव कुणी दिलं देव जाणे, त्या कागदावर फंक्शन सांगणारे आकडे दोन-तीनच, अल्ब्युमिन, बिलीरुबिन, आणि वेगळी केली असेल तर पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते. एसजीपीटी आणि एसजीओटी (हेही तसंच पेशीच्या आतलं एन्झाइम) म्हणजे नुकत्याच किती पेशी मेल्या किंवा जखमी झाल्या त्याची नोंद.

आणि नुकत्याच म्हणजे किती नुकत्याच? एसजीपीटी रक्तात साधारण ४७ तासांत अर्धं होतं, एसजीओटी तर १७ तासांतच. म्हणजे परवाच्या रक्तात जे ३४ आलं ती मागच्या काही दिवसांची गोष्ट आहे, गेल्या दोन वर्षांत लिव्हरमध्ये काय झालं ते त्यात कुठे लिहिलेलंच नाही.

मी लॅबमध्ये नवीन आलेल्या मुलांना असं समजवायचे की एसजीपीटी ही मयतांची नोंदवही आहे, शिरगणती नाही. एखाद्या गावात महिन्याला शंभर मयतं लिहिली जात होती आणि आता दहाच लिहिली जातात, तर साथ आटोक्यात आली असेल, किंवा गावात माणसंच कमी उरली असतील. वही बघून कळणार नाही यातलं नक्की काय झालंय. त्यासाठी गावात फेरी मारायला लागते. जुन्या लिव्हरच्या आजारात अगदी हेच होतं, पेशींच्या जागी डाग धरत जातो, म्हणजे फायब्रोसिस, आणि फायब्रोसिस वाढून सिरॉसिस झालं, म्हणजे डागांनी लिव्हर कडक आणि गाठीगाठींचं झालं, तरी एसजीपीटी बिनदिक्कत नॉर्मल येऊ शकतो. हे काही क्वचित घडणारं नाही हां, लिव्हरच्या कुठल्याही डॉक्टरला विचार.

आता तुझ्या बाबांचेच आकडे घेऊ. दोन वर्षांपूर्वी एसजीपीटी जास्त आणि एसजीओटी कमी होतं, ९६ आणि ७१. साध्या फॅटी लिव्हरमध्ये असंच असतं. आता उलटं झालंय बघ, एसजीओटी ५२ आणि एसजीपीटी ३४. या दोघांच्या भागाकाराला डी रिटिस रेशो म्हणतात, फर्नांडो डी रिटिस नावाच्या इटालियन डॉक्टरांनी १९५७ मध्ये तो मांडला. आधी तो ०.७४ होता, आता १.५ च्या वर गेलाय. फॅटी लिव्हरच्या पेशंटमध्ये हा रेशो १ च्या वर सरकायला लागला की फायब्रोसिस वाढलंय का अशी शंका घ्यायची असते. दारूमुळेही तो वर जातो, २ च्या पुढे गेला तर जास्त करून दारूच, कारण पिणाऱ्यांच्यात बी-६ व्हिटॅमिन कमी पडतं आणि एसजीपीटीला ते लागतंच. बाबा घेतात का ते तू पत्रात लिहिलं नाहीस. मला नको सांगूस पण डॉक्टरांना खरं सांगा, "कधीतरी" असं नाही, आठवड्याला किती ते.

आणि प्लेटलेट्स. १ लाख ८६ हजारांवरून १ लाख २८ हजार. हा तर मला सगळ्यात जास्त टोचलेला आकडा आहे आणि तुमच्या घरात त्याच्याबद्दल कुणी बोललेलंच दिसत नाही कारण तो सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशी मोजणाऱ्या टेस्टच्या, वेगळ्या पानावर असणार. लिव्हर कडक झालं की त्यातून जाणाऱ्या रक्ताला वाट मिळत नाही, पोर्टल नावाच्या शिरेत प्रेशर वाढतं, ते मागे प्लीहेपर्यंत जातं, प्लीहा सुजते आणि प्लेटलेट्स स्वतःतच अडकवून ठेवते. शिवाय प्लेटलेट्स बनवायला जो हार्मोन लागतो, थ्रोम्बोपोएटिन, तो मुख्यतः लिव्हरच बनवतं. म्हणून लिव्हरच्या जुन्या पेशंटची प्लेटलेट वर्षागणिक खाली खाली येत असेल तर लक्ष द्यायचं.

आता वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट या चार आकड्यांचं एक साधं गणित आहे, फिब-४ म्हणतात, २००६ पासून वापरात आहे आणि फुकट आहे. वर वय गुणिले एसजीओटी, खाली प्लेटलेट (हजारात) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ, आणि वरच्याला खालच्याने भागायचं. १.३ च्या खाली असेल तर मोठं फायब्रोसिस असण्याची शक्यता कमी, २.६७ च्या वर असेल तर शक्यता बरीच, मधे असेल तर पुढची तपासणी. ६५ च्या वरच्या माणसांना खालची रेघ १.३ ऐवजी २ धरतात कारण वयामुळेच आकडा फुगतो. बाबांचं दोन वर्षांपूर्वीचं मी काढलं, २.२ च्या आसपास आलं, म्हणजे तेव्हाच मधल्या पट्ट्यात होते. आत्ताचं ४ आलं.

चार. एसजीपीटी नॉर्मल झालेल्या रिपोर्टवर.

घाबरू नकोस लगेच. फिब-४ म्हणजे निदान नाही, चाळण आहे. नुकताच ताप येऊन गेला असेल तर प्लेटलेट तात्पुरत्या कमी असतात, काही औषधांनी कमी होतात, कधी कधी जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्येच प्लेटलेट्सच्या गुठळ्या होतात आणि मशीन कमी मोजतं, तेव्हा स्लाइड बनवून डोळ्यांनी बघायला लागतं. एसजीओटी स्नायूतही असतं, तांबड्या पेशीतही असतं, आमच्याच लॅबमध्ये एकदा एका गृहस्थांचं रक्त घेताना तांबड्या पेशी फुटल्या आणि एसजीओटी भलतंच वर दाखवलं, बिचाऱ्यांची आठवडाभर झोप उडाली, परत रक्त घेतलं तर काही नाही. मुळात ही टेस्ट १९५४ मध्ये हार्ट अटॅक ओळखायला म्हणून आली होती, लिव्हरसाठी वापर नंतर सुरू झाला, यावरून लक्षात घे की एकट्या एसजीओटीवर विसंबायचं नसतं. त्यामुळे सीबीसी परत करा, स्मिअरसकट, म्हणजे ती स्लाइडही बघायला सांगा. पण परत तसंच आलं तर पुढे जायचंच, थांबायचं नाही.

आणखी एक, तो ३४ सुद्धा खरं तर 'नॉर्मल' आहे का हा प्रश्नच आहे. लॅबच्या कागदावर वरची रेघ कुठे ४०, कुठे ४५, कुठे ५६ अशी असते. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये सांगितलेली रेघ पुरुषांना २९ ते ३३ आणि बायकांना १९ ते २५ अशी आहे. त्या मापाने बाबा काठावरच्या किंचित बाहेर. स्टार न छापणं हा लॅबच्या सेटिंगचा भाग झाला, लिव्हरचा नाही.

आता भावाकडे येऊ. भाऊ चुकीचं काही बोलत नाहीये, फक्त गाडीच्या पुढे घोडा बांधायच्या ऐवजी घोड्याच्या पुढे गाडी बांधतोय.

सेल डेथ म्हणजे पेशीचं मरण, कॅन्सर नाही. उलट कॅन्सरमध्ये पेशी मरायला हव्या तिथे मरत नाहीत. (हां, वर्षानुवर्षं पेशी मरत राहिल्या आणि त्यांच्या जागी घाईघाईने नवीन येत राहिल्या तर कधीतरी नव्या पेशीत चूक होऊन कॅन्सरचा धोका वाढतो, हे खरं, पण ते वेगळं.) पेशी दोन मुख्य तऱ्हांनी मरते. एक म्हणजे ॲपॉप्टोसिस, पेशी स्वतःच आवरतं घेते, आतले प्रोटीन शिस्तीत कापते, छोट्या पुडक्या करते आणि आजूबाजूच्या पेशी त्या उचलून नेतात. १९७२ मध्ये केर, वायली आणि करी या तिघांनी हे नाव दिलं, ग्रीक शब्द आहे आणि अर्थ काय तर पानगळ, आपल्याकडे शब्द आयता आहे बघ. दुसरी तऱ्हा नेक्रोसिस, म्हणजे झाड वादळात उन्मळून पडावं तसं, पेशी फुटते आणि आतलं सगळं बाहेर सांडतं आणि त्याने आजूबाजूला सूज येते. मधल्या अजूनही तऱ्हा शोधल्या आहेत, नेक्रोप्टोसिस, पायरोप्टोसिस, फेरोप्टोसिस, त्यात शिरत नाही.

एसजीपीटीला यातला फरक कळत नाही, पेशी कशीही गेली तरी तो वाढतो आणि पानगळीसारखी गुपचूप गेली तर कदाचित फार वाढणारही नाही. म्हणून संशोधकांनी असं काहीतरी शोधलं जे मरणाची पद्धत सांगेल. लिव्हरच्या पेशीला आतून आधार देणारं केराटिन-१८ नावाचं प्रोटीन असतं, घराचे वासे म्हण. ॲपॉप्टोसिसमध्ये कॅस्पेज नावाची एन्झाइम हे वासे ठरावीक ठिकाणी कापतात. कापलं की तिथे नवीन टोक तयार होतं जे अखंड प्रोटीनमध्ये नसतं. एम-३० ही अँटिबॉडी नेमकं तेच कापलेलं टोक ओळखते. एम-६५ नावाची जोडीची टेस्ट कापलेलं आणि न कापलेलं दोन्ही मोजते, म्हणजे एकूण मरण. दोघांची तुलना केली की किती पेशी शिस्तीत गेल्या आणि किती फुटून गेल्या याचा अंदाज येतो. मला विचारशील तर कल्पना म्हणून फार सुंदर आहे, मला तर पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रभर डोक्यात तेच.

फॅटी लिव्हरमध्ये सूज असलेले पेशंट आणि नुसती चरबी असलेले पेशंट यांच्यात हा केराटिनचा आकडा वेगळा येतो हे २००६ पासून बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. मग अडलं कुठे? तर गटागटाची तुलना केली की फरक छान दिसतो पण एका माणसाच्या बाबतीत निर्णय घ्यायला गेलं की तो पुरा पडत नाही, आजार असलेले बरेच जण सुटून जातात. वेगवेगळ्या अभ्यासांत 'यापेक्षा वर म्हणजे आजार' ही रेघही वेगवेगळी आलेली आहे. आणि केराटिन-१८ फक्त लिव्हरमध्ये नसतं, आतड्याच्या, फुप्फुसाच्या आतल्या अस्तरातही असतं. म्हणून रोजच्या दवाखान्यात ही टेस्ट आलेली नाही, संशोधनातच जास्त वापरतात. अशीच आणखी मंडळी आहेत, मिर-१२२ नावाचा आरएनएचा तुकडा जो मुख्यतः लिव्हरमध्येच सापडतो, जीएलडीएच नावाचं मायटोकॉन्ड्रियातलं एन्झाइम जे स्नायूच्या दुखापतीने वाढत नाही म्हणून कामाचं, मेलेल्या पेशींचा रक्तात तरंगणारा डीएनए. सगळी हुशार, पण बाबांचा आजचा प्रश्न यातलं कुणीच सोडवत नाही.

कारण ही सगळीसुद्धा शेवटी मयतांची नोंदच आहे ना! जास्त बारीक, मरण कसं आलं तेही लिहिणारी, पण नोंदवहीच. आणि तुमचा प्रश्न शिरगणतीचा आहे.

भावाला एक गोष्ट सांग, त्याला आवडेल. एमरिकासान नावाचं औषध होतं, कॅस्पेजना अडवणारं, म्हणजे पानगळच थांबवणारं. फॅटी लिव्हरची सूज आणि फायब्रोसिस असलेल्या ३१८ पेशंटना ते किंवा खोटी गोळी ७२ आठवडे दिली आणि लिव्हरचा तुकडा काढून आधी आणि नंतर तपासला. रक्तातली कॅस्पेजची हालचाल कमी झाली, एसजीपीटीही सुरुवातीला खाली आला, सगळे आकडे कसे हवे तसे. आणि लिव्हर? फायब्रोसिस सुधारलंच नाही, उलट वाढलं असावं अशी शंका घ्यावी लागली, आणि संशोधकांचा अंदाज असा की एक दार बंद केल्यावर पेशी दुसऱ्या दाराने मरायला लागल्या. म्हणजे रक्तातला मरणाचा आकडा खाली आणि लिव्हर आहे तिथेच किंवा वाईट. तुझ्या बाबांच्या कागदावर जे आहे तेच, फक्त मोठ्या प्रमाणात आणि बायोप्सीच्या पुराव्यासकट.

मग करायचं काय? फायब्रोस्कॅन. सोनोग्राफीसारखंच असतं, बरगड्यांवर टकटक केल्यासारखं वाटतं, दुखत नाही, दहा मिनिटांत होतं आणि लिव्हर किती कडक झालंय ते किलोपास्कलमध्ये सांगतं. ८ च्या खाली आलं तर मोठा दिलासा, १२ च्या वर गेलं तर फायब्रोसिस बरंच पुढे असण्याची शक्यता. २० च्या वर असेल किंवा प्लेटलेट दीड लाखाच्या खाली असतील तर अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा बघायला एंडोस्कोपी करायची का ते डॉक्टर ठरवतात, बाबांच्या प्लेटलेट आत्ताच खाली आहेत म्हणून हे मुद्दाम विचारा. सोबत अल्ब्युमिन, बिलीरुबिन, पीटी-आयएनआर, आणि प्लीहेचं माप सांगायला लावून एक सोनोग्राफी. हिपॅटायटिस बी आणि सी एकदाही केलं नसेल तर तेही, "फॅटी लिव्हर आहे" असं एकदा ठरलं की बाकी कारणं शोधायचं सगळे विसरतात, हे मी इतक्या वेळा बघितलंय की काय सांगू. आणि हे सगळं घेऊन लिव्हरच्या डॉक्टरकडे, हेपॅटॉलॉजिस्ट मिळाले तर उत्तम, नाहीतर पोटविकारतज्ज्ञ. महिनाभरात, "बघू नंतर" नको.

समजा सिरॉसिस निघालंच तर ते जग बुडालं असं नाही हे पण लक्षात ठेव. पोटात पाणी भरलेलं नाही, कावीळ नाही, डोकं ठिकाणावर आहे अशा अवस्थेतले लोक वर्षानुवर्षं व्यवस्थित जगतात, फक्त दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवायची नाही कारण लिव्हरचा कॅन्सर लहान असताना सापडला तरच उपाय बरे असतात. दारू पूर्ण बंद, एक थेंबही नाही. वजन जास्त असेल तर १० टक्के उतरवता आलं तर फायब्रोसिस सुद्धा मागे हटू शकतं, हे बायोप्सीत दिसलेलं आहे, पण सिरॉसिस असेल तर उपाशी राहून वजन उतरवायचं नाही, स्नायू झडतात, ते डॉक्टर आणि डाएटिशियनला विचारूनच. दुखलं-खुपलं की मनाने पेनकिलर नको, आणि 'लिव्हर साफ करणारे' काढे-चूर्ण तर अजिबात नको, त्यात काय असतं ते कुणालाच धड माहीत नसतं आणि एसजीपीटी हजाराच्या पुढे गेलेले रिपोर्ट मी त्यामुळेच छापलेत. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी चालू असेल तर लिव्हरच्या भीतीने स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. रक्ताची उलटी, काळी शी, पोट फुगणं, असंबद्ध बोलणं, डोळे पिवळे यातलं काहीही झालं तर अपॉइंटमेंट वगैरे नाही, सरळ इमर्जन्सी.

बाबांना कसं सांगायचं? त्यांना एसजीपीटीवरून वाद घालूच नकोस, तिथे ते जिंकलेत असं त्यांना वाटतंय, वाटू दे. दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेव, एसजीपीटीवर पट्टी ठेव आणि फक्त प्लेटलेट दाखव. १८६ आणि १२८. म्हणावं बाबा एवढ्या एकाच आकड्याचं कारण विचारून येऊ, बाकी तुमचं सगळं बरोबर. वडील मंडळी लेकीचं मत ऐकत नाहीत पण कागदावरचा आकडा ऐकतात, निदान आमच्याकडे रिपोर्ट घ्यायला येणारे तरी तसेच होते.

भावाला म्हणावं एम-३० चे पैसे वाचव आणि त्या दिवशी सुट्टी टाकून बाबांना घेऊन जा. फायब्रोस्कॅनच्या आधी तीन तास पोटात काही नको, खाऊन गेलं की आकडा उगाच चढतो आणि मग परत धावपळ.